आमची वाटचाल: आधी सीटवर बसून बघू

आमची फर्म सुरू झाली ती गाड्यांच्या काचा बदलण्यापासून. दगड लागून तडकलेली पुढची काच काढायची, चौकट साफ करायची, प्रायमर आणि चिकटद्रव्याची धार लावून नवी काच बसवायची. पाणी कुठून झिरपत नाही ना, हे बघून गाडी ताब्यात द्यायची. या कामात आमचा हात बसला होता. पण फॅमिली एसयूव्ही वाढल्या तशा वेगळ्याच तक्रारी येऊ लागल्या. काच धड, आरसे धड, तरी माणूस म्हणायचा, "नीट दिसत नाही हो."

नवी काच विकून ही तक्रार मिटणारी नव्हती. म्हणून आम्ही आधी काय दिसतंय ते तपासायचं आणि मग गरज असेल तरच काच बदलायची, असं ठरवलं.

आता गाडी आली की आम्ही सीटवर बसवतो ते मालकाला नाही, रोज चालवणाऱ्याला. मोठी गाडी घरातली दोन-तीन माणसं चालवतात आणि प्रत्येकाची उंची वेगळी. आरसे मात्र घरातल्या सगळ्यात उंच माणसाने लावलेले असतात आणि बाकीचे तसेच चालवत राहतात. म्हणून आधी सीटची उंची ठरते आणि आरशांना हात त्यानंतर लागतो.

बाहेरच्या आरशात बहुतेकांना स्वतःच्याच गाडीचा दरवाजा ऐसपैस दिसत असतो. तेवढी जागा वायाच जाते. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्याने 1995 मध्ये मांडलेली पद्धत आम्ही शिकवतो. डोकं आपल्या बाजूच्या खिडकीला टेकवायचं आणि त्या बाजूचा आरसा गाडीची कड जेमतेम दिसेल इतका बाहेर वळवायचा. मग डोकं दोन सीटच्या मधोमध आणून पलीकडचा आरसा तसाच लावायचा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसत नाही, शेजारची लेन दिसते. पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं. पण मागून येणारं वाहन आतल्या आरशातून निसटता निसटता बाहेरच्या आरशात येतं, आणि तिथून निघेपर्यंत डोळ्याच्या कोपऱ्यात आलेलं असतं, हे एकदा पाहिलं की माणूस जुन्या सवयीकडे परतत नाही. बाहेरचा आरसा फुगीर असेल तर त्यात वाहन आहे त्यापेक्षा दूर भासतं, म्हणून अंतराचा अंदाज आतल्या सपाट आरशातूनच घ्यायचा.

पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर आमच्याकडे विकण्यासारखं काही नाही आणि आम्ही ते स्पष्ट सांगतो. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून ते जाड असतात. वळताना त्या खांबाआड रस्ता ओलांडणारा माणूस अख्खा लपतो. कंबरेतून थोडं पुढे-मागे झुकून बघणं, एवढाच त्यावर उपाय. आम्ही तो ग्राहकाकडून दोनदा करून घेतो.

रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड काचेवर पसरून डोळे दिपतात म्हणून बरेच जण काच बदलायला येतात. अशा वेळी आम्ही काच आतून अर्धीच, ओल्या मायक्रोफायबर कापडाने पुसतो, लगेच कोरड्या कापडाने टिपतो आणि बाहेरून टॉर्च मारतो. पुसलेल्या बाजूला उजेडाचा नेमका ठिपका दिसतो, न पुसलेल्या बाजूला दुधाळ पसारा. डॅशबोर्डचं प्लास्टिक तापून जे सोडतं, त्याचा थर काचेवर आतून बसतो. खालच्या कोपऱ्यात हात पोचत नाही, तिथे तो सर्वांत जाड. काम कापडावर भागत असेल तर आम्ही काच विकत नाही.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही गाडीच्या मागे देतो. लहान मुलाच्या उंचीचा शंकू (रस्त्यावर अडथळ्यासाठी ठेवतात तसा) डिकीला लागून ठेवायचा आणि चालवणाऱ्याला आरशात तो दिसेपर्यंत मागे सरकवत न्यायचा. शंकू कुठवर गेला ते खाली उतरून पाहताना आई-वडील गप्प होतात. अमेरिकेत 2002 मध्ये दोन वर्षांचं एक मूल वडील मागे घेत असलेल्या एसयूव्हीखाली आलं. पुढे 2008 मध्ये तिथे कायदा झाला आणि मे 2018 पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. म्हणून कॅमेरा बसवा असं आम्ही आग्रहाने सांगतो. पण त्याच्या भिंगावर चिखल असेल तर पडद्यावर काही दिसणार नाही, म्हणून गाडी मागे घेण्याआधी एकदा फिरून बघा, हेही तितक्याच आग्रहाने.

सध्या आम्ही नवं काम शिकतोय. आता बऱ्याच गाड्यांत लेन आणि पुढचं वाहन ओळखणारा कॅमेरा पुढच्या काचेमागे असतो. काच बदलली की त्याची दिशा नव्याने जुळवावी लागते. जरा तिरपी राहिली तरी तो चुकीचं वाचतो. त्यासाठी सपाट जमीन आणि ठरलेल्या अंतरावर मांडलेले फलक लागतात. ती जागा तयार होते आहे. तोवर असा कॅमेरा असलेल्या गाडीची काच आम्ही बदलायला घेत नाही. ग्राहकाला थांबायला सांगतो किंवा जुळवणीची सोय असलेल्या ठिकाणी पाठवतो.