बॅग जड लागली, आता पुढे काय?

आयसीयूतल्या सिस्टर, ब्रदर आणि डॉक्टरांच्या कोल्हापुरातल्या प्रशिक्षणात त्या दिवशी आम्ही मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, मण्यार साप चावलेला पेशंट घेतला. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसांना ही चावते. सूज नाही, दुखणं नाहीच म्हणावं असं. पण आधी पापण्या मिटतात, मग श्वासाचे स्नायू थांबतात. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, दिल्यावरही व्हेंटिलेटर काही दिवस लागू शकतो. प्रसंग असा: तिसरा दिवस, श्वासनलिकेत आठ नंबरची नळी, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९७ टक्क्यांवरून ८४.

एकाने अलार्म बंद केला, दुसऱ्याने ऑक्सिजन १०० टक्के केला. मग सगळे मॉनिटरकडे बघत राहिले. वेळ जातो तो इथेच. पेशंट व्हेंटिलेटरवरून काढून अँबू बॅगवर, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीवर, घ्यायचा, ऑक्सिजन १५ लिटर, मागची पिशवी फुगलीय ना ते बघायचं. बॅग हलकी चालली आणि सॅच्युरेशन चढलं, तर दोष मशीन, सर्किट किंवा फिल्टरमध्ये. ओला होऊन बुजलेला एचएमई (श्वासातला ओलावा राखणारा) फिल्टर नेहमी सापडतो. बॅग दाबायला जड लागली, तर दोष नळीत किंवा छातीत.

बॅग जड होती. व्हेंटिलेटरवरून काढण्याआधी एका ब्रदरने आकडे वाचून ठेवले होते: पीक प्रेशर (हवा आत जाताना सर्वात जास्त दाब) ४६, प्लॅटू (श्वास आत रोखल्यावरचा दाब) १८. हे दोन आकडे एकत्र वाचता येणं मला या सगळ्या शिक्षणात सर्वात मोलाचं वाटतं. फक्त पीक चढलं, प्लॅटू नाही, म्हणजे अडथळा हवेच्या वाटेत: मुडपलेली नळी, घट्ट बेडका किंवा आवळलेल्या श्वासनलिका.

आठच्या नळीला १२ फ्रेंच मापाचा सक्शन कॅथेटर, म्हणजे बेडका ओढून घेणारी बारीक नळी, घेतला. तो मध्येच अडला. गट पुन्हा पुन्हा सलाईन टाकून रेटत राहिला. नळी मुडपलेली नाही, कॅथेटर जात नाही, सॅच्युरेशन पडतंय, तर नळी बदलायची. नळीचा फुगा सोडा, नळी काढा, मास्कने श्वास द्या, मग नवी नळी. कॅप्नोग्राफवर (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) लाट दिसल्याशिवाय ती जागेवर आहे असं मानू नका. घाबरलेला हात मिनिटाला ३० वेळा बॅग दाबतो. हवा आत साठते, बीपी कोसळतो. १० ते १२ पुरे, मोठ्याने मोजत.

तेवढ्यात एक सिस्टर मॅनिकिनला म्हणाली, "दादा, नळी बदलतोय, श्वास आम्ही देतोय." अगदी योग्य. या पेशंटला डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, पण तो शुद्धीवर असतो, त्याला ऐकू येतं. म्हणून नळी बदलताना झोपेचं औषध हवंच. डोळ्यांच्या बाहुल्याही पसरलेल्या, प्रकाशाला न हलणाऱ्या असू शकतात. तेवढ्यावरून मेंदू गेला असं कुणी ठरवू नये.

दुसऱ्या फेरीत आकडे बदलले: पीक ४८, प्लॅटू ३८, डावीकडे हवा नाही, बीपी ७०. दोन्ही चढले म्हणजे दोष छातीत; इथे फुफ्फुसाबाहेर हवा कोंडल्याचा संशय. गटाने आधी ओठापाशी नळीची खूण पाहिली. २२ सेंमी, म्हणजे खोल जाऊन उजव्या फुफ्फुसात सरकलेली नाही. मग एक्स-रेची वाट न पाहता डावीकडे पाचव्या बरगडीखाली, काखेच्या मधल्या रेषेच्या जरा पुढे कोंडलेली हवा काढायला सुई मागितली. पाचवी आणि सहावी यांमधल्या त्या जागेत सुई सहाव्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालायची, कारण रक्तवाहिन्या प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने जातात. आणि लगेच आयसीडीची, म्हणजे छातीत घालायच्या नळीची, तयारी, कारण सुई केव्हाही बुजते.