'बिघडलेले' टोपलीतली लेन्स

जुना माल घेऊन विकणाऱ्यांची एक रीत आहे: जे हवंय त्याच्याकडे आधी जायचं नाही. बाकीचे वस्तूंपेक्षा तुमच्या हातांकडे जास्त बघत असतात. घर रिकामं करताना मांडलेल्या एका विक्रीत ही रीत चांगलीच कामी आली.

दार उघडायच्या आधीच नेहमीची मंडळी हजर. पुस्तकवाले आत शिरले की मोबाइलवर बारकोड स्कॅन करत सुटतात, त्यामुळे बारकोड नसलेली जुनी पुस्तकं बऱ्याचदा तशीच राहतात. चांदीवाल्यांच्या खिशात भिंग आणि चुंबक. चुंबकाला चिकटलं तर चांदी नाही, पण चिकटलं नाही म्हणजे चांदीच, असंही नाही. कॅमेऱ्यांचे गिऱ्हाईक आम्ही दोघंच. दुसरा जाणकार, पण घाईचा.

'बिघडलेले' अशी चिठ्ठी लावलेल्या टोपलीतला पेंटॅक्स स्पॉटमॅटिक त्याने उचलला, डोळ्याला लावला, काळोख दिसला, परत टाकला. काळोख होता कारण आतला आरसा वरच अडकला होता. या कॅमेऱ्यात शटरचा दुसरा पडदा शेवटपर्यंत पोचला की मगच आरसा खाली येतो. आतलं वंगण सुकलं की पडदा वाटेत रेंगाळतो आणि आरसा लटकून राहतो. बॉडीला म्हणजे फारशी किंमत नाही. पण पुढे बसवलेली लेन्स सुपर टाकुमार होती, ५० मिलिमीटर, एफ १.४.

मी ट्रायपॉडचे पाय उघडत-मिटत बसलो. तो प्रोजेक्टरकडे वळल्यावर टोपलीपाशी गेलो.

या लेन्सच्या दोन जाती बाहेरून जवळपास सारख्या. सुरुवातीची आठ भिंगांची, नंतरची सात भिंगांची. नंतरचीच्या काचेत थोरियम आहे; ती काच वर्षानुवर्षांत पिवळी पडते. काही दिवस अतिनील प्रकाशाखाली ठेवली तर पिवळेपणा बराच उतरतो, पण संग्राहकांना हवी असते आठवाली. लेन्स काढून मागचं भिंग बघावं तर ४२ मिलिमीटरचे आटे फिरवत बसावं लागतं आणि सगळ्यांच्या माना वळतात. त्यापेक्षा लेन्सवरची आकड्यांची पट्टी बघायची: इन्फ्रारेडची लाल रेघ ४ या आकड्याच्या उजवीकडे असेल तर आठवाली, डावीकडे असेल तर सातवाली. रेघ उजवीकडे होती.

मग लेन्सची कळ मॅन्युअलवर सरकवून ॲपर्चरची, म्हणजे प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणारी कडी १६ पर्यंत फिरवली. त्या भोकाची पाती कोरडी आणि चपळ. पात्यांवर तेलाची चमक असती तर ती चिकटत बंद झाली असती. छोट्या टॉर्चचा तिरका झोत टाकला; बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. इथे फक्त धूळ होती. थोड्या धुळीने फोटोत फरक पडत नाही, तरी नवे खरेदीदार तिलाच सगळ्यात जास्त घाबरतात.

एकट्या कॅमेऱ्याचा भाव विचारला असता तर दुसऱ्याचे कान टवकारले असते. म्हणून ट्रायपॉडसकट अख्ख्या टोपलीचा भाव विचारला. त्यात ओझं वाढतं, निम्मा माल भंगारात जातो, पण नजर कशावर होती ते कळत नाही. यातलं काही चालतं का, असं विक्रेत्या काकूंनी विचारलं. कॅमेरा बंद आहे, लेन्स मात्र चांगली आहे, असं सांगितलं. लपवाछपवी स्पर्धकांशी ठीक. विकणाऱ्याने सरळ विचारल्यावर खोटं बोलणं मला पटत नाही. त्यांनी आकडा थोडा वाढवला, मी दिला.

"काय लागलं हाताला?" फाटकाशी त्याने विचारलंच.

"ट्रायपॉड."

पिशवी तिथे उघडली नाही. या टोपलीतून काय निघालं हे कळलं असतं, तर पुढच्या प्रत्येक विक्रीत 'बिघडलेले'ची टोपली आधी उपसली गेली असती. ऑनलाइन जाहिरातही लगेच टाकली नाही, कारण नवी जाहिरात पडली की त्याला सूचना जाते. हे मला माहीत आहे, कारण मीही तशीच लावून ठेवली आहे. कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्या हातातून गेला होता, म्हणून तो फोटोत आला नाही. लाल रेघेचा जवळून काढलेला फोटो मात्र पहिला टाकला; जाणकार गिऱ्हाईक तोच आधी मागतं. बॉडी वेगळी, सुट्या भागांसाठी विकली, आरसा अडकलाय असं स्पष्ट लिहून.