डावा हात ऐकताना

मंगळवार, रात्री उशिरा

आज पुन्हा जाझ पियानोवादक किथ जॅरेटची 'फेसिंग यू' लावली, त्याच्या एकट्याच्या पियानोची रेकॉर्ड. या वेळी ठरवून फक्त डाव्या हाताच्या मागे गेले.

जॅरेटचं नाव निघालं की बोलणं हमखास 'द कोलोन कॉन्सर्ट'वर येतं. जानेवारी 1975 ची ती रात्र, धड नसलेला पियानो आणि त्यावर तासभर रंगलेली उत्स्फूर्त मैफल. कहाणीच अशी की कुणालाही सांगाविशी वाटेल. माझा जीव मात्र त्याच्या तीन वर्षं आधीच्या या रेकॉर्डवर आहे.

10 नोव्हेंबर 1971, ऑस्लो. जॅरेट 26 वर्षांचा होता आणि जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडबरोबर युरोपभर फिरत होता. त्या बँडमध्ये तो वाजवायचा इलेक्ट्रिक पियानो आणि ऑर्गन. ही वाद्यं त्याला मनापासून कधीच आवडली नाहीत. माइल्ससाठी त्याने ती वाजवली. दौरा चालू असतानाच तो ऑस्लोच्या स्टुडिओत साध्या पियानोसमोर एकटा बसला. समोर निर्माता मान्फ्रेड आयशर, ध्वनिमुद्रणाला यान एरिक कोंग्सहाउग. आयशरची 'ईसीएम' ही रेकॉर्ड कंपनी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची. कित्येक दिवस मनाविरुद्धच्या आवाजात राहिलेल्या माणसाला आपला आवाज परत मिळाला की तो कसा सुटेल, तसा 'इन फ्रंट' सुटतो.

दहा मिनिटांची ही पहिलीच रचना. सुरुवातीला दोन्ही हात एकमेकांचं बोलणं तोडत असतात. उजवा एक लांब ओळ टाकतो, डावा खालून मध्येच एखादा तुकडा फेकतो, आणि लय आहे हे जाणवलं तरी ती बोटात धरता येत नाही. मग पुढे कधीतरी डाव्या हाताला एक छोटा, ठसकेबाज ठेका सापडतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये टाळ्यांवर चालतं ते गॉस्पेल संगीत त्यात भरलेलं आहे. तो ठेका धरला की डावा हात हटत नाही. ढोल नाही, बास नाही, पण आज नीट ऐकलं तर दोन्हींची कामं तोच करतोय. आणि त्याच्या भरवशावर उजवा हात वाटेल तिथे भटकून येतो. मी आजवर त्या भटकण्यावरच खूश होते. सगळा तोल सांभाळणारा हात खाली होता.

'लालीन'मध्ये तोच हात किती मऊ होतो! एखाद्या लोकगीतासारखी साधी चाल, आणि खाली स्वर लाटेसारखे वर येऊन विरतात. मधल्या काही रचना मला तितक्या भिडत नाहीत, 'स्टारब्राइट' तर अजूनही निसटते. पण 'लँडस्केप फॉर फ्यूचर अर्थ' जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे आणि तिच्यात एक सूरही जादा नाही. चाल मांडली, दोन-तीनदा उलटून पाहिली, थांबला. पुढे तासतास वाजवणारा हाच माणूस इथे इतकं नेमकं थांबतो, याचं मला फार अप्रूप आहे. आठही रचना त्याच्या स्वतःच्या.

2018 मध्ये जॅरेटला दोनदा पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. 2020 मध्ये त्याने हे स्वतः जाहीर केलं. ते वाचलं तेव्हा मी 'कोलोन' लावली होती आणि मध्येच बंद केली, ऐकवेना. आज 'इन फ्रंट' मात्र शेवटपर्यंत ऐकली, दुःख वाटलं तरी. त्या ठेक्यात इतका आनंद आहे की त्यापुढे हळहळ टिकत नाही.

जॅरेट कुठून ऐकायला सुरू करू, असं कुणी विचारलं तर मी हीच रेकॉर्ड पुढे करेन. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका म्हणेन, त्यात खालचे स्वर गळतात आणि डावा हात अर्धा नाहीसा होतो.