तुम्ही विचारलंत म्हणून: हेल्मेटवरचं चिन्ह खरं का?

जुन्या जर्मन हेल्मेटांचा मला नाद आहे हे कळलं की कुणीतरी फोटो पाठवतंच. पहिल्या महायुद्धातलं पोलादी हेल्मेट, त्यावर रंगवलेली कवटी नाहीतर एखाद्या तुकडीचं चिन्ह, आणि खाली प्रश्न: अस्सल आहे का? माझं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. हेल्मेट अस्सल असू शकेल, चिन्हावर भरवसा ठेवू नका.

चिन्हांची खरी जागा त्याआधीच्या टोकदार कातडी हेल्मेटावर, म्हणजे पिकलहाउबवर होती. कपाळावर धातूची कोरीव पट्टी असे. तिच्यावर त्या त्या जर्मन राज्याची खूण: प्रशियाचा गरुड, बव्हेरियाचे सिंह, किंवा मी राहतो त्या वुर्टेमबर्गचं राजचिन्ह आणि ‘निर्भय आणि एकनिष्ठ’ हे ब्रीद. लढाईत ही चकाकी झाकायला कापडी खोळ चढवत. खोळीवर रेजिमेंटचा आकडा लाल रंगात असे, तो १९१४मध्ये हिरवा केला गेला. शिपाई कुठला हे बघताक्षणी कळायचं.

पण कातडं तोफगोळ्याच्या कपच्या अडवत नाही. खंदकात डोकंच आधी वर येतं, आणि बारीकशा कपचीनेही मेंदूला इजा झालेली माणसं शल्यविशारद आउगुस्ट बीअर यांच्यासमोर येत होती. हानोफरच्या तंत्रविद्यालयातले फ्रीडरिश श्वेर्ड यांनी मग पोलादी हेल्मेटाची रचना केली आणि १९१६च्या सुरुवातीला फ्रान्समधल्या व्हर्दंच्या आघाडीवर ते सैनिकांच्या डोक्यावर आलं. कान आणि मान झाकणारा उतरता काठ, दोन्ही बाजूंना आखूड शिंगं. ती हवेसाठी, आणि कपाळावर जादा जाड पत्रा अडकवण्यासाठी. कारखान्यातून ते निघे करड्या-हिरव्या रंगात, चिन्हाशिवाय. जुलै १९१८मध्ये जर्मन सेनानी लुडेनडॉर्फचा हुकूम आला: हिरवे, पिवळसर, तांबूस पट्टे रंगवा, मध्ये बोटभर रुंदीची काळी रेघ ओढा. सगळा खटाटोप दिसू नये म्हणून. तिथे ठळक चिन्ह कोण काढील? आघाडीवर रंगवलेली चिन्हं म्हणूनच फार विरळ.

मग बाजारात इतकी येतात कुठून? काही युद्धानंतरची, स्वयंसेवी फ्रायकोर टोळ्यांची. मार्च १९२०मध्ये बर्लिनवर चालून गेलेल्या एरहार्ट ब्रिगेडने तर हेल्मेटांवर स्वस्तिक रंगवलं होतं. तसली हेल्मेटं मी घरात आणत नाही, कितीही दुर्मीळ असली तरी. काही अमेरिकन सैनिकांनी आठवण म्हणून नेली आणि त्यांवर आपल्या डिव्हिजनचं चिन्ह काढलं. तीही खरीच, फक्त जर्मन चिन्हं नव्हेत. उरलेली बरीचशी अलीकडच्या हातांची करामत. साध्या हेल्मेटावर कवटी काढली की किंमत चढते, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

पारखायची तर भिंगाने गंजाकडे बघा. चिन्हाचा रंग गंजाच्या खड्ड्यात उतरला असेल, तर आधी गंज चढला आणि मग ब्रश फिरला. मूळ रंगाला तडे गेलेत आणि चिन्ह मात्र सलग आहे, हेही वाईट लक्षण. जिथे हेल्मेट घासलं जातं तिथे चिन्हही घासलेलं हवं.

मला विचाराल तर हेल्मेट आधी उलटं करा. आत कारखान्याचा ठसा असतो. माझ्याकडच्या एकावर Q६६ असं ठोकलेलं आहे: क्यू म्हणजे एसलिंगनचा क्विस्ट कारखाना, जो माझ्या घरापासून जवळ होता, आणि ६६ हे कवचाचं माप. कधी मानेवरच्या काठाच्या आत शाईने किंवा रंगाने आडनाव लिहिलेलं सापडतं, सोबत रेजिमेंटचा क्रमांक. तिथे माझं काळीज हलतं. प्रशियन सैन्याची दप्तरं १९४५च्या एप्रिलमध्ये बर्लिनजवळच्या पोट्सडामवर बॉम्ब पडले तेव्हा मोठ्या प्रमाणात जळाली, पण वुर्टेमबर्गची सैनिकनोंदवही स्टुटगार्टच्या अभिलेखागारात टिकून आहे. नाव नीट वाचता आलं, तर गाव, धंदा, जखमा, बदल्या सगळं एका ओळीत मिळू शकतं. माझ्याकडच्या दुसऱ्या एका हेल्मेटाचा धनी सुतार होता, हे मला त्या ओळीने सांगितलं. त्याच्या हेल्मेटाच्या बाहेर काहीही रंगवलेलं नाही. विकणाऱ्याने ते ‘साधं’ म्हणून कोपऱ्यात ठेवलं होतं.

तेव्हा फोटो पाठवणार असाल तर आतली बाजू उजेडात धरून काढा: ठसा, अस्तराच्या पिना, मानेवरच्या काठाची आतली कड. आणि त्यावर काही पुसट अक्षरं दिसली, तर कृपा करून कुठलंही तेल किंवा पॉलिश लावू नका, आधी मला दाखवा.