माळ्यावरची पेटी

'निवृत्तीनंतर पेटी शिकायचीच' असं ज्या घरात ठरलेलं असतं, तिथली हार्मोनियम बहुधा माळ्यावर असते. भरतकामाची गवसणी, वर जुनी गादी. एखाद्या दुपारी पंखा पुसायला शिडी लागते आणि ती नजरेला पडते. खाली उतरवली की लोक थेट नाट्यगीतालाच हात घालतात. सूर फाटका निघतो, आणि 'आपल्याच्यानं नाही व्हायचं' म्हणून पेटी पुन्हा वर.

बिचाऱ्या बोटांचा यात काही दोष नसतो. आधी सगळे खटके, म्हणजे हवेची वाट उघडणारे पुढचे दट्टे, बंद करून भाता भरावा. हवा चटकन निघून गेली, तर घडीच्या कोपऱ्यांतलं चामडं तडकलंय किंवा पट्ट्यांखालचं कसरीनं खाल्लंय. एखादा सूर न दाबताच वाजत राहिला, तर स्प्रिंग सटकलीय, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी अडकलीय. सूर मुकाच असेल, तर आत थरथरून सूर काढणाऱ्या पितळी जिभेखाली धूळ बसलेली असते. पातळ कागद अलगद सरकवला तरी मोकळी होते. बेसूर झाला असेल तर मात्र स्वतः कानस घेऊन बसू नये. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि जास्त खरवडलं की नवी जीभ आणावी लागते. कारागिराकडेच द्यावी. तो विचारतो, 'पट्ट्या नव्या टाकू का?' हो म्हणण्याआधी झिजलेल्या कोणत्या आहेत ते पाहावं. घरातलं कुणीतरी कोणत्या पट्टीत गात होतं, ते तिथं कळतं.

दुरुस्तीनंतर पहिले पंधरा दिवस डाव्या हाताचे. एकच सूर धरायचा, भाता हलका आणि सलग. हिसका दिला की आवाज हिंदकळतो. उजव्या हाताला पांढरी एकचा, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा सा: अंगठा, तर्जनी, मध्यमा, म वर अंगठा खालून आत, मग तर्जनी, मध्यमा, अनामिका आणि वरच्या सा वर करंगळी. म पाशीच गाडी अडते, कारण अंगठा उशिरा निघतो. तो ग वाजतानाच निघाला पाहिजे. मग पलटे, म्हणजे सुरांच्या ठरावीक ओळी: सारेगम, रेगमप. रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारी एकदम दोन तास बसलं की सोमवारी मनगट बोलतं, आणि मंगळवारपासून गवसणी.

फारच कंटाळा आला, तर काळी तीनचा सा धरून नुसत्या काळ्या पट्ट्यांवर फिरावं. पाचही स्वर भूप रागाचे. चुकीचा लागायला जागाच नाही. हा लबाडीचा आनंद आहे, पण तो हवाच.

उशीर झाला म्हणणाऱ्यांनी पेटीचंच बघावं. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) सांभाळत नाही, असे आक्षेप घेऊन आकाशवाणीनं १९४० साली तिला बाहेर काढलं. दार किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. तोवर ती भजनात, तमाशात, लग्नाच्या मांडवात वाजत राहिलीच.

आणि हो, ती पलंगाखालीही ठेवू नये. वाकावं लागलं की संपलं. दिवाणखान्यात, नुसता पंचा टाकून ठेवावी. पाहुणे 'वाजवा की' म्हणतात, तेवढं सोसायचं.

पुढंमागं गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक, म्हणजे संगीताची पहिली परीक्षा, द्यायची की नाही, ते ज्याचं त्यानं बघावं. परीक्षेला शेजारी तिसरी-चौथीतली पोरं असतात, आणि ती जास्त बरं वाजवतात. वाजवू देत.