चांगल्या खांद्याला सुट्टी नसते

गोव्यातल्या साखळीत बसून बेसबॉल बघणारी बहुधा मी एकटीच. सामने आपल्याकडे पहाटे नाहीतर सकाळी असतात. मोबाइल मसाल्याच्या डब्यांना टेकवून ठेवला की पोळ्या होईपर्यंत दोन-तीन इनिंग पदरात पडतात (बेसबॉलचा सामना अशा नऊ छोट्या इनिंगचा). नवऱ्याला वाटतं मला खेळाचं वेड आहे. मला वेड खांद्यांचं. फिजिओथेरपी शिकताना फेकणाऱ्या खांद्यावर जे वाचायला मिळालं, ते बहुतेक सगळं अमेरिकेतल्या पिचरांवर, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्यांवर, लिहिलेलं होतं. क्रिकेटवर होतं ते गोलंदाजांच्या पाठीबद्दल. वेगवान गोलंदाजाची पाठ जाते, पिचरचा खांदा जातो किंवा कोपर. वाचता वाचता पिचरांची नावं पाठ झाली, आणि नावं पाठ झाल्यावर सामने बघणं आलंच.

त्यातलं मनातून न जाणारं नाव मार्क प्रायरचं. शिकागो कब्ज या संघानं 2001 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचललं आणि पुढच्याच वर्षी तो मेजर लीगमध्ये, तिथल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, खेळायला लागला. 2003 च्या मोसमात त्याच्या नावावर 18 विजय, 6 पराभव आणि 245 स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद केलेले फलंदाज. पोरगं जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचं. त्याची अ‍ॅक्शन इतकी निर्दोष मानली जायची की हा पंधरा वर्षं टिकणार असं जाणकार म्हणत. त्या सप्टेंबरात संघ बाद फेरीच्या शर्यतीत होता आणि एकेका सामन्यात त्याच्याकडून 130 च्या घरात चेंडू टाकून घेतले गेले. मेजर लीगमधला त्याचा शेवटचा सामना ऑगस्ट 2006 मधला. तेव्हा पंचविशी. मग खांद्याच्या शस्त्रक्रिया आणि कित्येक वर्षं छोट्या संघांतून परत येण्याची धडपड. तो काही परत आला नाही. मधे एकदा बेसवर पळताना धडक होऊन तो खांद्यावर आपटला होता आणि एकदा फलंदाजानं मारलेला चेंडू थेट कोपरावर बसला होता, त्यामुळे सगळा दोष चेंडूंच्या आकड्यावर टाकता येत नाही, हे कबूल. मला खुपतं ते वेगळंच. तो उत्तम होता म्हणून त्याच्याकडून जास्त टाकून घेतलं. सुमार पिचरला पाचव्या इनिंगला बसवतात. त्याचा खांदा शाबूत राहतो.

हल्ली प्रायर लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचिंग कोच आहे. कॅमेरा डगआउटकडे वळला की मी पोळी तव्यावर विसरते.

खांद्याची रचनाच मुळात भरवशाची नाही. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण उथळ, बशीत नारळ ठेवल्यासारखी. त्या बशीला कूर्चेची कड असते, तिला लॅब्रम म्हणतात, आणि सभोवती चार लहान स्नायू गोळ्याला धरून असतात. पिचरनं चेंडू टाकताना दंड आतल्या बाजूला ज्या वेगानं फिरतो तो सेकंदाला 7000 अंशांच्या आसपास मोजलाय; त्याच वेगानं फिरत राहिला तर सेकंदात एकोणीस फेऱ्या. एवढा हात थांबवायचा कोणी? त्या चार स्नायूंतल्या मागच्यांनी. चेंडू सुटल्यावर हाताला खांद्यातून उपटू पाहणारा जोर माणसाच्या वजनाएवढा किंवा त्याहून जास्त असतो. हे एका सामन्यात शंभरदा.

कोपराचं बरं आहे म्हणायचं. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हाताचा कंडरा बसवला. तो वर्षभर घरी बसला आणि परतल्यावर त्यानं आणखी 164 सामने जिंकले. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. खांद्याच्या शस्त्रक्रियेला कुठल्या पिचरचं नाव मिळालेलं नाही, यातच काय ते आलं. योहान सांताना या पिचरच्या खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण 2010 मध्ये शिवलं. दीड वर्षानं तो परतला आणि 1 जून 2012 ला न्यूयॉर्क मेट्स या आपल्या संघाच्या इतिहासातला पहिला नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट मिळू दिली नाही. 134 चेंडू. त्याच ऑगस्टमध्ये त्याचा मेजर लीगमधला शेवटचा सामना झाला, आणि पुढच्या वर्षी तेच आवरण पुन्हा फाटलं.

आता साखळीतलं. चौदा वर्षांचा एक मुलगा (गाव सांगत नाही) बापाबरोबर क्लिनिकमध्ये आला. वेगवान गोलंदाज. शिवाय थ्रो असा की डीपमधून सरळ कीपरच्या ग्लोव्हजमध्ये, शिवाय तालुका पातळीवर भालाफेक. "दुखतं का रे?" म्हटलं तर "ना." वडील म्हणाले, "मॅडम, जरा जड वाटतं म्हणतो, बाकी काय नाही. रविवारी फायनल आहे." आई मागे खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "शर्ट घालताना हल्ली आधी उजवा हात घालतो." डॉक्टरांच्या दहा प्रश्नांना पोरं हुलकावणी देतात, पण सकाळच्या घाईत आईनं बघितलेलं खोटं ठरत नाही.

पाठीवर झोपवलं, दंड बाजूला, कोपर काटकोनात. हात मागे सोडला तर पंजा कॉटच्या पातळीखाली गेला; आत वळवताना मात्र लवकर अडला. नुसत्या एवढ्यावर मी घाबरत नाही. वाढीच्या वयापासून फेकणाऱ्यांच्या दंडाचं हाडच थोडं मागे वळलेलं राहतं. पण दंडाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूनं अंगठा दाबला तेव्हा त्यानं छताकडे बघत ओठ मिटले. ऑर्थोपेडिककडे पाठवून दोन्ही खांद्यांचे एक्स-रे काढून घेतले. हाड जिथून वाढतं ती पट्टी उजवीकडे डावीपेक्षा स्पष्ट रुंद. पिचिंग करणाऱ्या अकरा ते सोळा वर्षांच्या पोरांत हे इतकं दिसतं की तिकडे त्याला लिटल लीग शोल्डर असंच म्हणतात. दंडाच्या लांबीतली साधारण ऐंशी टक्के वाढ याच वरच्या पट्टीतून होते. औषध एकच, साधारण तीन महिने फेकणं बंद.

वडिलांचा चेहरा पडला. मी विचारलं, आठवड्यात किती टाकतो? शाळेचे सर मोजून सहा ओव्हर देतात. क्लबचे कोचही शहाणे, तेही मोजतात. वाड्यावरची टीम टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धांना नेते, तिथे तो हुकमी एक्का. भाला निराळा. जो तो आपापल्यापुरता मोजतो, बेरीज कोणीच करत नाही.

अमेरिकेतही घोडं इथेच अडतं. तिथे पिच स्मार्ट नावाचे नियम आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं दिवसाला जास्तीत जास्त 95 चेंडू टाकायचे, 66 किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. कागदावर उत्तम. पण पोरगं शनिवारी एका संघाकडून टाकतं, रविवारी दुसऱ्या, आणि दुसऱ्या कोचला शनिवारचं कोण सांगणार? बाप सांगत नाही, कारण खेळाडू हेरायला कॉलेजचे लोक आलेले असतात. 2006 चा एक अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते: शस्त्रक्रिया झालेल्या 95 पिचर पोरांची तुलना धडधाकट 45 जणांशी केली, तर हात थकलेला असताना नेहमी टाकणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता 36 पट निघाली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त खेळणाऱ्यांत 5 पट.

त्याच नियमांत आणखी एक कलम आहे, वर्षातून किमान चार महिने फेकायचंच नाही. वाचून मला हसू आलं. आमच्याकडे हे काम पाऊस करायचा. जूनमध्ये मैदानाचं तळं झालं की बॅट माळ्यावर, ती गणपती होऊन गेल्यावर खाली. कोणी कोचनं सांगायला नको. आता पत्र्याखाली नेट्स झालेत, छत घातलेले टर्फ झालेत, रात्री दहालाही दिव्यात बॉलिंग चालू. सोय चांगली आहे, माझा मुलगाही जातो. पण चांगल्या खांद्याची हक्काची सुट्टी त्यात गेली.

"आम्ही दिवसभर टाकायचो, काय झालं?" हे वडिलांनी म्हटलंच. सगळेच म्हणतात. जपानमध्येही पिढ्यान् पिढ्या तेच म्हणत आले. 1998 च्या कोशिएन या शालेय बेसबॉल स्पर्धेत मात्सुझाका या शाळकरी पिचरनं 17 इनिंगच्या एका सामन्यात 250 चेंडू टाकले आणि पुढे अंतिम सामन्यात नो-हिटर टाकला, त्याच्या कथा झाल्या. ज्यांचे खांदे सतराव्या वर्षी गेले त्यांच्या कथा कोण सांगणार, ते तर दुकानात नोकरीला लागले. आता तिथेही 2020 पासून शाळकरी पिचरला आठवड्यात 500 चेंडूंची मर्यादा आहे. मला 500 ही जास्तच वाटतात.

फायनलला तो नुसता फलंदाज म्हणून खेळला. मी घातलेली अट म्हणजे स्लिपमध्ये उभं राहायचं, चेंडू हातात आला तर अंडरआर्म द्यायचा. वाड्यावरच्या कॅप्टननं मला फोन करून विचारलं की शेवटची एकच ओव्हर चालेल का. नाही म्हटलं.

गणपतीनंतर पुन्हा एक्स-रे. पट्टी डावीसारखी दिसली तर आधी टेनिस बॉल, दहा मीटरवरून, एक दिवसाआड. अंतर हळूहळू वाढवायचं, भाला सगळ्यात शेवटी. फेकलेलं सगळं एकाच वहीत लिहायचं, कुठल्या टीमकडून ते महत्त्वाचं नाही. वही आईकडे दिलीय. वडिलांनी मात्र काल मेसेज करून विचारलंय की तोवर त्यानं डाव्या हातानं बॉलिंग शिकायला घेतली तर चालेल का.