खिळ्यावरचा मास्क

आमच्या कृषी केंद्रात मास्क आला तो २०१७ साली, फवारणीपायी. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळीच्या धास्तीनं लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच पंपात कालवून मारत होते. एवढ्या उंच पिकात फवारा वर धरला की अर्धं औषध तोंडावरच येतं. जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, शेकड्यांनी दवाखान्यात भरती झाली. मग वरून दट्ट्या आला की औषधासोबत किट ठेवा. किट म्हणजे मास्क, चष्मा, हातमोजे आणि ॲप्रन. मी काउंटरच्या बाजूला भिंतीत एक खिळा ठोकला आणि त्याला मास्कचा गठ्ठा लटकवला.

दोन वर्षांत त्यातले किती खपले म्हणाल, तर बोटं उरतील. गिऱ्हाईक औषध घेई, मास्ककडे बघे आणि म्हणे, "जीव घाबरते न भाऊ त्याच्यात." खोटं नाही ते. सप्टेंबरचं चिपचिप ऊन, पाठीवर पंधरा लिटरचा पंप, पायाखाली चिखल, त्यात नाकतोंड बंद करून दोन तास चालून पाहा. आणखी एक कारण होतं, ते कोणी बोलत नसे. फवारणारा बहुतेक रोजीनं जाणारा. तो मालकाला किट मागत नाही आणि मालक आपणहून देत नाही. औषधाच्या बिलात दोन हजार झाले की वीस रुपयाचा मास्क माणसाला महाग वाटतो, मी रोज बघतो.

तर मार्च २०२०. लॉकडाउन लागला, आमची दुकानं काही दिवस बंद राहिली, मग शेतीची म्हणून सूट मिळाली. शटर अर्धं वर केलं त्या सकाळी पहिल्या गिऱ्हाईकानं ना बियाणं मागितलं ना खत. खिळ्याकडे बोट दाखवलं. दोन वर्षं धूळ खाल्लेला गठ्ठा दोन दिवसांत संपला. कित्येकांचं इलास्टिक उन्हानं सैल पडलेलं, लोकांनी मागून गाठ मारून लावले. मी वीसचा मास्क तीसला विकला. लिहूनच टाकतो, नाहीतर गावातलं कोणीतरी खाली येऊन लिहील.

त्यानंतर काही दिवस मास्कच मिळेना, आणि मजा म्हणजे कोणाचं काही अडलं नाही. १४ एप्रिलला पंतप्रधान टीव्हीवर गमछा बांधून आले. दुसऱ्या दिवशी केंद्राचा आदेश निघाला, सार्वजनिक जागी तोंड झाकणं सक्तीचं. ओट्यावरचे म्हातारे खूश. "पाय, मोदीनंबी दुपट्टाच बांधला!" आमच्याकडे गुढीपाडव्यापासून मिरगापर्यंत बिना दुपट्ट्याचा माणूस घराबाहेर पडतच नाही. पंचेचाळीसच्या उन्हात कान-नाक उघडं ठेवून कोण फिरणार? डोक्यावरून एक वेढा, कानाखालून नाकावर, टोक मानेच्या मागे खोचलेलं. बाया शेतात जातात त्याही तोंडाला स्कार्फ गुंडाळून. म्हणजे जे मुंबई-पुण्याला नवीन शिकावं लागलं ते आमच्या अंगवळणी होतं. मे महिनाभर आमचं गाव नियमात चोख बसलं, कोणी न सांगता.

पाऊस पडला आणि बिघडलं. ऊन सरलं तसे दुपट्टे खांद्यावर उतरले आणि रस्त्यावर पावतीबुकं आली. तालुक्याला जाताना पाटीजवळ पोलीस उभे, दोनशेची पावती. निंदणाला जाणाऱ्या बाईची रोजी तेव्हा दीडशे-दोनशे होती. एका पावतीत दिवस गेला. तिथून गावातली भाषा बदलली. कोरोनाची गोष्ट कमी आणि पावतीची जास्त. समोरून येणारा मोटरसायकलवाला दिवसाढवळ्या लाईट मारायचा, की समजायचं पाटीवर उभे आहेत. मग हँडलला लटकलेला मास्क तोंडावर यायचा आणि पाटी ओलांडली की परत हँडलला. मीही लावला-काढला, मी काही आभाळातून पडलो नाही.

डवरणीच्या, म्हणजे बैलाचं डवरं फिरवून पिकातलं तण काढायच्या, दिवसांत माझा चुलतभाऊ दुकानात बसून सगळ्यांना ऐकवायचा, "डवऱ्याच्या बैलाले मुस्कं बांधतेत न, तसं सरकारनं आपल्याले बांधलं." लोक हसायचे. एकदा माय चहा घेऊन आली होती, तिनं ऐकलं. म्हणाली, "बैलाले मुस्कं नसलं त पराटी खाते. तुले नसलं त तू खर्रा खातं."

ही खर्र्याची गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येणार नाही. आमच्याकडे मास्क टिकला नाही त्यात उकाड्याचा वाटा असेल आठ आणे, बाकी आठ आणे खर्र्याचा. पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घोटायचा, चिमूट तोंडात टाकायची, आणि मग दर पाच मिनिटांनी थुंकायला तोंड मोकळं पाहिजे. पानठेले बंद होते तेव्हा खर्रा काळ्यात दुप्पट-तिप्पट भावानं मिळायचा, आणि तो आणायला माणसं मास्क लावून जायची, तोंड ओळखू येऊ नये म्हणून. कोणाचा मास्क किती दिवसांचा आहे हे मी खालच्या काठावरून ओळखायचो. पहिल्या दिवशी निळा, चौथ्या दिवशी हनुवटीजवळ कत्थई रेघ, आठव्या दिवशी ती रेघ वाळून कडक.

बँकेचा किस्सा सांगतो. जनधनच्या खात्यावर बायांना महिना पाचशे रुपये आले होते, एप्रिल ते जून. बँक शेजारच्या मोठ्या गावात. दारावरचा गार्ड बिना मास्कचं आत सोडत नव्हता. मी खताच्या पैशांसाठी गेलो होतो, तर आमच्याच गल्लीतल्या चार बाया पायरीवर बसलेल्या आणि चौघींत मास्क एक. एक आत गेली, बाहेर आली, काढून दुसरीच्या हातात दिला. दुसरीनं पदरानं पुसला आणि लावला. मी काकूला म्हटलं, "काकू, अशानंच तर होते." ती म्हणाली, "सकायी धुतला होता बाप्पा." मी काही बोलणार तेवढ्यात पुढे म्हणाली, "एका आटोत आठजणी बसून आलो, मांडीवर मांडी. तिथं नाई होत, अन् याच्यानं होते?" मी माझं पासबुक काढून रांगेत उभा राहिलो. आजही मला त्याचं नीट उत्तर सुचत नाही. तिला त्या मास्कची गरज गार्डपुरती होती. चार मास्कचे पैसे म्हणजे त्या पाचशेतलं किती, हा हिशोब तिचा पक्का होता.

१५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीचं मतदान झालं. प्रचारात मास्क कोणाच्या तोंडावर होता ते सांगत नाही, दोन्ही पॅनलची माणसं माझी गिऱ्हाइकं आहेत. फेब्रुवारीत अमरावती आणि अचलपूरला पुन्हा लॉकडाउन लागला, आमच्या जिल्ह्यातही बंधनं आली. लोक म्हणाले, निवडणुकीत कोरोना सुट्टीवर गेला होता वाटते. यात थट्टा होती, पण रागही होता, आणि राग बरोबर होता. आम्हाला मतदानाच्या रांगेत उभं करताना कोणाला आमच्या तोंडाची पडली नव्हती.

एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतून एका आठवड्यात दोन तिरड्या निघाल्या. दुसरे होते ते गावातले सगळ्यात जपणारे. दुकानात आले तरी चार हातांवरून बोलायचे, नोटा चिमट्यानं घ्यायचे, पोरं त्यांची नक्कल करायची. पहिल्याच्या मातीला गेले होते म्हणतात, नाहीतर कुठून लागलं कोणाला माहीत. त्यानंतर दुकानात जो आला त्याचं एकच वाक्य, "त्याईनं त मास्क लावला होता, तरी गेले न."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. २०१७ ला अगदी असंच. किट घालून फवारलेल्या एखाद्याला उलट्या झाल्या की गावभर तेच, "किट घालूनबी काय झालं?" बिना किटचे किती पडले ते कोणी मोजत नव्हतं. मी समजवायचा प्रयत्न करायचो, की औषध कातडीतूनही जाते, हवा समोरून असली तर मास्क काय करेल, पण करते काहीतरी, अंगावर कमी येते. कोरोनात तेच बोलायला गेलो तर समोरचा म्हणाला, "तुमचा मास्क खपाचा हाय म्हून सांगून रायले." तीसला विकले होते ते त्याच्या लक्षात होतं. मग मी गप्प बसलो.

पुढचं मात्र मला अजून लागतं. नोव्हेंबर २०२१ च्या शेवटी, ओमिक्रॉनची बातमी आली तेव्हा, राज्याचे नवे नियम आले. बिना मास्क पाचशे. दुकानात गिऱ्हाईक बिना मास्कचं सापडलं तर दुकानदाराला दहा हजार. आणि त्यात एक ओळ होती, रुमाल हा मास्क समजला जाणार नाही, रुमालवाल्यालाही दंड. मी व्हॉट्सॲपवर ती ओळ दोनदा वाचली. रुमाल नाही म्हणजे दुपट्टाही नाहीच.

थंडीत एक दिवस दंडवाल्या पथकाची जीप आली. तिघं उतरले. दुकानात तेव्हा एक म्हातारे शेतकरी होते, तुरीचं औषध घ्यायला आलेले, डोक्यावरून नाकापर्यंत दुपट्टा, फक्त डोळे दिसत होते. पथकातला एकजण म्हणाला, "हा मास्क नाही." मी म्हटलं, "साहेब, टीव्हीवर खुद्द पंतप्रधानांनी बांधला होता." तो म्हणाला, "तो मागचा नियम." म्हातारे मधेच बोलले, "दुपट्ट्यातून जाते अन् पाच रुपयाच्या कागदातून नाई जात का बावा?"

आता खरं सांगायचं तर, दुपट्ट्यातून जास्त जाते. धुऊन धुऊन विरलेला एकेरी कपडा आणि नीट बसणारा मास्क यात फरक आहे, आणि ओमिक्रॉन फार झपाट्यानं पसरत होता. नियम लिहिणाऱ्यानं काही विचार केलाच असेल. पण त्या तिघांपैकी एकानंही म्हाताऱ्याला हे सांगितलं नाही. दुपट्ट्याची घडी डबल करा, आतून मास्क लावा, एवढं दोन वाक्यात झालं असतं. "दहा हजार होतात, बोला," म्हणाले. घासाघीस होऊन म्हाताऱ्यांच्या नावावर पाचशेची पावती फाटली, आणि ते पाचशे मीच भरले. त्यांच्याकडे औषधापुरतेच होते. पुढच्या हंगामात त्यांनी ते परत आणून दिले, मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी खिळ्यावर एक मास्क लटकवला. दुकानाचा. गिऱ्हाईक आलं आणि बाहेर जीपचा आवाज आला की माझ्याकडचा पोऱ्या खिळ्यावरचा मास्क काढून त्याच्या हातात द्यायचा. जीप गेली की मास्क परत खिळ्यावर. दिवसातून चार तोंडांवरून फिरला असेल. पायरीवरच्या त्या चौघींना मी शहाणपण शिकवायला गेलो होतो. त्यांनी निदान धुतला तरी होता.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. त्या दिवसापासून राज्यातली मास्कची सक्ती उठली. मी दुकानाच्या दाराला आंब्याची डहाळी बांधत होतो. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बांधलेलं होतं. ऊन चढलं होतं.

परवाची गोष्ट. पऱ्हाटीवर फुलकिडे आले म्हणून एक पोरगा औषध घ्यायला आला, वीस-बावीसचा, दुसऱ्याच्या शेतात रोजीनं फवारणी करतो. बाटली पिशवीत टाकली आणि मी खिळ्यावरचा नवीन मास्क काढून सोबत टाकला. म्हटलं, "पैसे नको देऊ, घेऊन जा."

त्यानं पिशवीत बघितलं. "काका, कोरोना गेला न."

"हा फवारणीचा आहे."

"हाव," म्हणाला. मास्क बाहेर काढला, काउंटरवरून हात लांब करून खिळ्याला परत अडकवला आणि पिशवी घेऊन गेला.